ओकसूनच्या हातचं

"इनसूचं असेल तर द्या. दुसऱ्या कुणाचं माझ्या पोटात नको," ओकसून म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुनचनच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं ऋजुताकडे पाहिलं. सासूला समजावणं हे सुनेचं काम, असा त्याच्या नजरेचा अर्थ होता. ऋजुतानं त्या फिरवलेल्या पाठीकडे पाहिलं. सासूची पाठ तिच्या चांगल्या ओळखीची होती. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिला मुख्यतः तीच दिसली होती. एकुलत्या एका मुलानं, इनसूनं, सांगलीची, मासे न खाणारी मुलगी आणली, याचा राग ओकसूननं भांडून काढला नव्हता, पाठ फिरवून काढला होता. मग एका थंडीत ती आपणहून वळली आणि म्हणाली, "आगा, तू गवत खातेस ते खातेस, निदान वेळेवर तरी खा." आगा म्हणजे बाळ. कोरियात सुनेला तशीच हाक मारतात. तेव्हापासून दोघींचं बरं चाललं होतं. इनसू गेल्यावरही बरंच चाललं होतं. ज्या दोघींचं माणूस एकच होतं आणि ते गेलं, त्यांचं जसं चालतं तसं.

आता ती पाठ चादरीखाली हातभर उरली होती. गेल्या हिवाळ्यात ओकसूनला न्यूमोनिया झाला. त्यावर जहाल प्रतिजैविकं दिली. न्यूमोनिया गेला आणि जुलाब सुरू झाले. एरवी आतड्यात कोपऱ्यात दबून राहणारा एक चिवट जंतू, बाकीची वस्ती औषधांनी मारली गेल्यावर सगळीकडे पसरला होता. औषध दिलं की तो मागं हटायचा, थांबवलं की परत यायचा. डॉक्टरांनी ऋजुताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आणखी एक फेरी या वयाच्या बाईला झेपायची नाही. एकच उपाय उरला होता. दुसऱ्या कुणाच्या निरोगी आतड्यातली वस्ती आणून हिच्या आतड्यात वसवायची.

"तुझ्या त्या बर्फाच्या पेढीत आहे ना त्याचं?" भिंतीकडूनच आवाज आला.

"आहे, ओमोनी," ऋजुता म्हणाली. ओमोनी म्हणजे आई.

"मग झालं तर. मीच घातलं होतं ते त्याच्या पोटात. माझं मला परत मिळेल."

डॉक्टर ओशाळं हसला. पण ऋजुताला हसू आलं नाही, कारण शास्त्राच्या दृष्टीनं म्हातारीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तीही तेच ठरवून आली होती.

ऋजुता देजोनच्या एका प्रयोगशाळेत आतड्यांचे नकाशे वाचायचं काम करत होती. कोरियात तोवर चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा वर्षातून एकदा असा नकाशा निघू लागला होता. लोक तो रक्तदाबाच्या आकड्यासारखा एकमेकांना सांगत. नकाशा म्हणजे पोटात कोणकोणते जिवाणू राहतात, किती राहतात आणि कशावर जगतात याचं चित्र. भात, पालेभाजी, सोयाबीन आणि समुद्री शेवाळ खाणाऱ्यांची वस्ती एका तऱ्हेची, मांस-पाव खाणाऱ्यांची दुसऱ्या. दारू, सिगरेट, चालणं, झोप, मधुमेह, सगळ्याच्या खुणा त्यात उमटत. खेड्यातला माणूस राजधानीत, सोलला, राहायला गेला की वर्षा-दोन वर्षांत त्याचा नकाशा शहरी होई. माणूस लपवील, पण आतडं बोलून जाई.

यातूनच पुढचा शोध लागला होता आणि त्या शोधाच्या गटात ऋजुता होती. दक्षिण किनाऱ्यावरच्या खेड्यांत बायका थंडीच्या तोंडावर एकत्र जमून वर्षभराची किमची घालतात. मिठात मऊ केलेल्या कोबीच्या पानापानाला तिखट, लसूण आणि खाऱ्या कोळंबीचा मसाला उघड्या हातांनी चोळतात. या किमजांगच्या दिवसांत गटानं गावोगाव नमुने गोळा केले, तेव्हा दिसलं की प्रत्येक घरच्या किमचीत आंबवणारे काही जिवाणू फक्त त्याच घरचे असतात. त्या बाईच्या कोळंबीच्या जुन्या रांजणातले आणि तिच्या हातांवरचे. ती किमची वर्षानुवर्षं खाणाऱ्याच्या आतड्यातही तेच जिवाणू बिऱ्हाड करतात. खाणं थांबलं की तीन-चार वर्षांत विरून जातात. गटानं त्यांना 'हातखूण' असं नाव दिलं. चांगल्या स्वयंपाकाला कोरियन लोक 'हाताची चव' म्हणतात. मराठीतही हाताला चव असते, हे ऋजुतानं सांगितल्यावर गटप्रमुख डॉ. हान जोरात हसल्या होत्या. "मग आपण नवीन काय शोधलं? दोन्हीकडच्या आज्यांना हे ठाऊकच होतं."

नवीन होतं ते पुढचं. कुणाचीही वस्ती कुणाच्याही आतड्यात टिकत नव्हती. निम्म्या वेळा ती उपटली जायची. पण दाता आणि रुग्ण यांची हातखूण एक असेल, तर ती घट्ट रुजायची. नवे जिवाणू जणू ओळखीच्या गल्लीत यायचे. म्हणून आता रक्तगटासारखी पंगत जुळवत. कोण कुणाच्या हातचं खात आलंय, ते पाहत.

ओकसूनचा स्वतःचा नमुना प्रयोगशाळेच्या गोठवलेल्या नमुन्यांच्या पेढीत नव्हता. तिच्या गावात, गोहुंगला, नमुने गोळा केले तेव्हा नकाशा काढून झाल्यावर ते नष्ट केले होते. आणि नंतर ऋजुतानं एक नमुना ठेवून घ्या म्हणून सुचवलं, तेव्हा ती म्हणाली होती, "माझं असलं काही लोकांच्या फ्रीजमध्ये नको." इनसूचा मात्र होता. पोटाचा कर्करोग निघाल्यावर, उपचारांआधी, त्याची आतड्यातली वस्ती जपून ठेवली होती. नंतर परत वसवता यावी म्हणून. तशी वेळ आलीच नाही. कर्करोग उशिरा सापडला होता. त्याला जाऊन आता अडीच वर्षं झाली होती.

इनसूच्या पोटात ओकसूनची हातखूण असणार, यात ऋजुताला शंका नव्हती. त्याची नोकरी उल्सानला, जहाजांच्या आराखड्यांच्या कार्यालयात, तिची देजोनला. कोरियातल्या पुष्कळ जोडप्यांसारखे ते शनिवार-रविवारचे नवरा-बायको होते. ओकसून दर महिन्याला गोहुंगहून त्याच्या उल्सानच्या खोलीवर किमचीचा मोठा डबा पाठवायची आणि दर महिन्याला डबा घासूनपुसून परत यायचा. शेजारणींना ती सांगायची, "पोराला माझ्या हातच्याशिवाय घास उतरत नाही."

सुनचनहून परतल्यावर ऋजुतानं दोन्ही नकाशे पडद्यावर शेजारी लावले.

ते जुळत नव्हते.

तिनं पुन्हा लावले. नमुन्याचा क्रमांक तपासला, बाटलीवरचं नाव तपासलं, दुसऱ्या यंत्रावर वाचन घेतलं. इनसूच्या आतड्यात त्याच्या आईच्या हाताची एकही खूण नव्हती.

"बाटलीत अदलाबदल?" डॉ. हान तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या.

"नाही. जनुकं त्याचीच आहेत."

"मग हे पाहा." डॉ. हाननी पडद्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे जुनी मोडतोड दिसतेय. प्रतिजैविकांचा मोठा कोर्स झालाय कधीतरी. आपल्याकडे जठराच्या जंतूवर देतात ना, तसला. त्यात जुनी हातखूण धुऊन गेली असेल."

"पण त्यानंतर तो खातच होता. परत आली असती."

डॉ. हान जपून म्हणाल्या, "खात होता, हे तुला कुणी सांगितलं?"

ऋजुताला आणखी एक गोष्ट खटकत होती. जठराच्या जंतूवरचा कोर्स. इनसूनं तसला कोर्स केल्याचं तिला माहीत नव्हतं.

"त्याचा नमुना देऊन उपयोग नाही," डॉ. हान म्हणाल्या. "टिकणार नाही. ही बाई आणखी एक अपयश सोसेल?"

"नाही."

"तुझा?"

ऋजुतानं स्वतःचा नकाशाही लावून पाहिला होता. पाया सांगलीचा, ज्वारीचा आणि दह्याचा. मासळीच्या मसाल्यातली किमची तिनं कधी खाल्ली नव्हती. सासूच्या आतड्याला ती परकीच होती.

"मग देशभर शोधू," डॉ. हान म्हणाल्या. "त्या गावात कुणी?"

गावात कुणी नव्हतं. ओकसूनचा नवरा मासेमारीच्या होडीवर केव्हाच वारला होता आणि शेजारणी आपापल्या हातचं खात होत्या. पण पेढीतल्या लाखो नकाशांमधून यंत्रानं एक नाव बाहेर काढलं. म्हणजे नाव नव्हे, कायद्यानुसार फक्त एक क्रमांक. पुरुष, साठीचा, उल्सान. हातखूण पुरती ओकसूनची. रुग्णाच्या पोटच्या मुलाची असावी इतकी.

दात्याला विनंती गेली. दोन दिवसांत त्याचा होकार आला आणि नाव-पत्ता उघड करायची परवानगीही आली. पत्ता ऋजुतानं दोनदा वाचला. इमारत इनसूच्या खोलीचीच होती. तळमजला.

त्या दात्याचं, चो यांचं, धुलाईचं दुकान अरुंद होतं. छताला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट टांगलेले होते आणि त्यांच्यामधून वाट काढत ते पुढे आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, हातावर इस्त्रीचे जुने चटके.

"तुम्ही इनसूची बायको," ते म्हणाले. "भारतातली. फोटो पाहिलाय मी. बसा. खुर्ची एकच आहे, ती ग्राहकाची. मी उभाच असतो."

"चो-साहेब, तुम्ही होकार दिलात त्याबद्दल..."

"थांबा, आधी मला नीट सांगा. माझ्या पोटातलं... ते... इनसूच्या आईच्या पोटात जाणार?"

"कॅप्सूलमधून. शुद्ध करून."

"त्यांना हे सांगितलंय?"

"अजून नाही."

"नकाच सांगू." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "जन्मभर लोकांचे डाग काढले. म्हातारपणी हे दान करायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं."

ऋजुता हसली. मग तिला विचारावं लागलं. "तुम्ही त्यांची किमची किती दिवस खात होतात?"

चो यांनी इस्त्री बंद केली. वाफेचा आवाज थांबल्यावर दुकान एकदम शांत झालं.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "इनसू इथे राहायला आला तेव्हा पहिले काही महिने स्वतःच खायचा. मग त्याचं पोट बिघडलं. जळजळ, रात्री उठून बसायचं. डॉक्टरनं गोळ्यांचा कोर्स दिला आणि तिखट-खारट बंद म्हणाला. तरी तो एखादं पान पाण्यात धुऊन खायचा. लहान मुलांना देतात तसं. मग तेही सोसेना. एक दिवस डबा घेऊन खाली आला. म्हणाला, तुम्ही एकटे असता, घ्या. मी काय, भुकेला माणूस. रोज शेवयांचं पाकीट उकळून खात होतो. त्या दिवसापासून माझ्या घरी जेवण सुरू झालं बघा."

"आणि डबे?"

"मी घासून द्यायचो, तो पाठवायचा. मी त्याला म्हटलं होतं, अरे, आईला सांग की नको पाठवू म्हणून. तर म्हणाला, तिला दुसरं काय पाठवता येतं? तिचं सगळं त्या डब्यात असतं. मी ते बंद केलं तर तिच्याकडे मला द्यायला काही उरणार नाही." चो यांनी टांगलेला एक कोट सरळ केला. "मला वाटलं होतं, निदान तुम्हाला माहीत असेल."

"नव्हतं."

"हं. शेवटच्या वर्षी तर आजार कळल्यावर दुप्पट यायला लागली. मी एकटा किती खाणार? पण टाकली नाही. तो गेल्यावरही डबाभर शिल्लक होती. सार करकरून वर्षभर पुरवली." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "हाताला फार चव आहे त्यांच्या. हे मात्र त्यांना सांगा."

परतीच्या बसमध्ये तिनं सांगलीला फोन लावला. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"आई, इनसू आपल्याकडे यायचा तेव्हा काय जेवायचा गं?"

"आज एकदम त्याची आठवण?" आईचा आवाज मऊ झाला. "काय जेवायचा म्हणजे, मऊ भात, बिनफोडणीचं वरण, वर तूप. दही. ठेचा पुढे केला की दोन्ही हात जोडायचा. शेजारच्या मावशी म्हणायच्या, जावई परदेशातला आणि जेवण मुंजीतल्या बटूचं."

"तुला कधी काही वाटलं नाही?"

"वाटलं की. मी म्हटलं नव्हतं का तुला? याच्या पोटाचं काहीतरी आहे, दाखवून घ्या म्हणून."

"म्हटलं होतंस?"

"अगं, दिवाळीत. तू म्हणालीस, त्याला आपलं जेवण आवडतं, आई. ऋजू? काय झालं? सासूबाईंचं काही बिघडलं का? ताकाचा मसाला पाठवू का त्यांना? पोटाला थंड असतं."

"नको गं. बरं आहे सगळं," ऋजुता म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवार-रविवारी इनसू घरी यायचा, चपला काढायच्या आत विचारायचा, वरण आहे? वरणाचा तो पिवळा वाडगा दोन्ही हातांत धरून प्यायचा. तिला वाटायचं, याला माझ्या हातचं गोड लागतं. तिनं हे मैत्रिणींना सांगितलं होतं. पेशानं ती आतड्यांचे नकाशे वाचणारी बाई होती. आणि घरातल्या माणसाचा नकाशा वाचायचा नसतो, अशी शिस्त तिनं स्वतःच घालून घेतली होती. ती शिस्त योग्य होती. तरीही, खिडकीबाहेर पाहत असताना तिला ती फार वेळ योग्य वाटली नाही.

नियम असा होता की वस्ती कुणाची, नातेवाइकाची की परक्याची, हे रुग्णाला सांगून मगच संमती घ्यायची. चो यांचं नाव न सांगता नुसतं 'परका माणूस' म्हणणं शक्य होतं. पण ओकसून परक्याला नाही म्हणालीच होती. आणि इनसूचीच आहे असं खोटं सांगणं डॉ. हान यांच्या सहीशिवाय शक्य नव्हतं. त्या सही देणार नव्हत्या. ऋजुताही मागणार नव्हती. तरी सुनचनपर्यंतच्या वाटेत तिनं ते खोटं कितीतरी वेळा मनातल्या मनात बोलून पाहिलं.

ओकसून उशाला टेकून बसली होती. तिच्या पुढ्यातलं भाताचं पाणी तसंच होतं.

"आणलंस?"

"ओमोनी, इनसूचं चालणार नाही. जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे?"

"तुमच्या हातच्या खुणा त्यात नाहीत."

ओकसूननं तिच्याकडे रोखून पाहिलं. रागानं नव्हे. भीतीनं. ऋजुताला ती भीती कळेना.

"ते... त्या रोगानं खाल्लं का सगळं?" ओकसूननं विचारलं. "की माझ्या मिठानं?"

"मीठ?"

"टीव्हीवरचा तो डॉक्टर म्हणाला ना. खारवलेलं खाणाऱ्यांना पोटाचा कर्करोग होतो म्हणून. तो जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मी उठून टीव्ही बंद केला. पण कानावर पडायचं ते पडलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नंतर मी किमची घातली नाही. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात. आगा, मी दर महिन्याला डबा भरत होते. आजार निघाल्यावर दोन भरले. मला वाटलं, ताकद येईल. मीच भरून भरून पाठवलं ते."

"म्हणून इनसूचं हवं होतं तुम्हाला?"

"त्याच्या पोटात माझ्यामुळे जे काही झालं असेल, ते माझ्याही पोटात येऊ दे. बरं म्हण, वाईट म्हण."

आता ऋजुतापाशी खरं सांगण्यावाचून काही उरलं नाही. तिला वाटलं होतं, खरं सांगून आपण हिच्याकडून काहीतरी काढून घेऊ. ते ती घेणारच होती. पण त्याच हातानं दुसरं ओझंही उतरणार होतं. दोन्ही वेगळं करता येत नव्हतं.

"त्यानं ती खाल्ली नाही, ओमोनी," ती म्हणाली. "नऊ वर्षं. त्याच्या पोटाला सोसत नव्हती. तो खालच्या दुकानदाराला द्यायचा. चो म्हणून आहेत. एकटेच असतात. त्यांनी खाल्ली. तुमच्या खुणा त्यांच्या पोटात आहेत. जशाच्या तशा."

खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरची बाई मोबाइलवर नातवाशी लाडं लाडं बोलत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत ओकसून चादरीची कड नीट करत राहिली.

"म्हणजे माझ्या डब्यांनी नाही," अखेर ती म्हणाली.

"डब्यांनी नाही."

"आणि आधीची तीस वर्षं? लहानपणापासून तेच खात होता."

ऋजुता शास्त्र शिकलेली होती. नाही म्हणणं सोपं होतं. "ते कुणालाच सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "सगळं गाव तेच खातं. सगळ्यांना होत नाही."

ओकसूननं मान हलवली. दुकानात भाव ऐकून हलवावी तशी. मग विचारलं, "तो माणूस... काय म्हणाला?"

"तुमच्या हाताला चव आहे म्हणाले."

"नऊ वर्षं फुकट खाल्लंन्, एवढं तरी म्हणायलाच हवं." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि लगेच थरथरला. तिनं हात पुढे केला. "आण, कुठे सही करायची?"

सही केली आणि तिनं पाठ फिरवली. ऋजुता संध्याकाळपर्यंत त्या पाठीशी बसून होती.

वस्ती रुजली. पहिल्या आठवड्यात जुलाब थांबले, महिन्याभरात ताप गेला. उन्हाळा सरता सरता ओकसून गोहुंगला आपल्या घरी परतली आणि शरदात अंगणापर्यंत चालू लागली. ऋजुतानं नवा नकाशा काढला, तेव्हा ओकसूनच्या स्वतःच्या हाताच्या खुणा तिच्या आतड्यात पुन्हा नांदत होत्या. डॉ. हान यांनी तो नकाशा भिंतीवर लावला. प्रयोगशाळेतल्या लोकांना तो फार सुंदर वाटला.

ओकसूननं मात्र त्यावर काही विचारलं नाही. ती खायची, औषधं घ्यायची, सांगितलं तेवढं चालायची. शेजारणी किमजांगचं विचारायला आल्या तेव्हा तिनं गुडघ्यांकडे बोट दाखवलं. इनसूचं नाव ती घेत नव्हती. आधी रोज घ्यायची. 'माझ्या पोराला' असं सुरू होणारं ते वाक्य तिच्या तोंडून नाहीसं झालं होतं. बरी झालेली ती बाई ऋजुताला आजारी असतानापेक्षाही आक्रसलेली दिसायची.

एका दुपारी ऋजुता निघायच्या तयारीत होती. ओकसून ओसरीत उन्हात बसली होती.

"आगा," तिनं हाक मारली. "तुझ्या त्या यंत्रात त्याचं आहे ना? दिसतं ना त्यात, माणूस काय खातो ते?"

"दिसतं."

"मग खायचा काय तो?"

ऋजुता बॅग खाली ठेवून तिच्याशेजारी बसली. टॅब उघडला. इनसूचा नकाशा तिनं त्या दिवसानंतर पाहिला नव्हता. रंगीत ठिपके होते, लांबून शोभेचे दिसावेत असे. ती नेहमी वाचायची तसं हळूहळू, डावीकडून वाचत गेली.

"बटाटा, रताळं. उकडलेलं. ते पुष्कळ आहे."

"हं."

"अंडी. दूध कमी. पाव, मऊ पांढरा. मांस जवळजवळ नाही. दारू नाही."

"कचेरीतले प्यायचे ना सगळे?"

"तो पीत नव्हता. झोप चांगली नाही. मधे मधे तुटते." ती थांबली. एका फिकट पट्ट्याशी तिचं बोट रेंगाळलं. "ही तुरीची डाळ. आठवड्यातून दोन दिवसच येते."

"तुझं ते पिवळं पाणी."

"हो."

"बरं झालं," ओकसून म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा म्हटलं, "बरं झालं. आणि?"

"आणि तांदूळ. पण भात नाही, अगदी शिजून विरघळलेला असतो ना, तसा. दुकानात पाकिटात मिळते ती पेज. रात्रीची बहुतेक रोज तीच."

"पाकिटातली पेज," ओकसून म्हणाली.

ती उन्हात आपले दोन्ही हात पालथे ठेवून बसली होती. लसणीनं आणि मिठानं कातडी जाड झालेले, बोटांची पेरं सुजलेले हात. तिनं ते उलटे केले आणि तळव्यांकडे पाहत राहिली.

"पेज मला करता आली असती, आगा," ती म्हणाली.